कॉलेजची वाट आणि वसतिगृहाची चूल

बारावीचा निकाल लागला, की आठ-पंधरा दिवसांत कॉलेजांच्या दारी गर्दी लोटते. पूर्वी ही गर्दी डोळ्यांना दिसत असे. खिडकीपासून फाटकापर्यंत रांग, दाखल्यांची पिशवी काखेत धरलेले वडील, आणि फळ्यावर यादी लागली की तिच्याकडे धावणारी मुले. आता रांग फोनच्या पडद्यावर लागते. पण धाकधूक तीच आहे. अमक्या कॉलेजला इतके अर्ज आले, तमक्याची यादी इतक्या टक्क्यांना बंद झाली, ही चर्चा एस.टी. स्टँडवरही चालते आणि पारावरही चालते. ज्या कॉलेजला अर्ज अधिक ते कॉलेज चांगले, असा सरधोपट हिशेब आपण सगळेच मांडतो.

श्रोतेहो, मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासण्याचे कामही वाट्याला येते. अर्जांचे गठ्ठे पाहताना इतिहासाच्या माणसाला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. ही गर्दी आली कोठून? मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्या विद्यापीठाचे पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले, आणि ते होते अवघे चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. एवढ्या मोठ्या इलाख्यात चार पदवीधर! आणि आज तालुक्याच्या गावातल्या एखाद्या कॉलेजातून दर साली शेकड्यांनी पदवीधर निघतात. मधल्या काळात काय घडले?

‘लोकांना शिक्षणाची गोडी लागली’ हे याचे नेहमीचे उत्तर. मला ते पुरे वाटत नाही. गोडी पूर्वीही होती. नव्हते ते दुसरेच काही. मुलगा गाव सोडून कॉलेजच्या शहरात गेला, तर तिथे राहील कुठे आणि दोन वेळा जेवेल काय, या साध्या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते ज्यांना आधी सापडले त्यांची मुले आधी शिकली. इतरांना सापडायला साठ-सत्तर वर्षे अधिक लागली. आपल्याकडच्या कॉलेजांचा इतिहास इमारतींच्या बाजूने पुष्कळ लिहिला गेला आहे. तो चुलीच्या बाजूने पाहिला, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

अगदी सुरुवातीपासून पाहू. पेशवाई १८१८ साली गेली, आणि १८२१ साली इंग्रजांनी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात एक संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. त्या दक्षिणेच्या रकमेतला काही भाग या पाठशाळेकडे वळवण्यात आला. इथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन मिळे. म्हणजे विद्यार्थ्याच्या पोटाची सोय सरकारने पहिल्या दिवसापासून केली होती! मात्र ही पाठशाळा सुरुवातीला ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. पुढे १८५१ साली तिचे पूना कॉलेज झाले, १८६४ साली त्याला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि १८६८ साली ते येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेले. सर जमशेटजी जीजीभाई यांची मोठी देणगी त्या इमारतीमागे होती.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. गव्हर्नर एल्फिन्स्टन १८२७ साली निवृत्त झाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाख रुपयांहून अधिक निधी उभा केला. त्यातून प्राध्यापक नेमायचे ठरले, आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा उगम झाला. बाळशास्त्री जांभेकर तिथे शिकवीत असत. दादाभाई नौरोजी १८५५ साली तिथे गणित आणि पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पारशी, गुजराथी, पाठारे प्रभू, सारस्वत, शहरात घर असलेली किंवा शहरात नातेवाईक असलेली मुले तिथे येत. आत्याच्या घरी, मामाच्या घरी राहून शिकता येई. ज्याची आत्या मुंबईत नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी गरीब मुले शिकलीच ना? शिकली. गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण आपण मुलांना नेहमी सांगतो. जन्म १८५६ सालचा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची गरिबी इतकी, की शिक्षणासाठी आधी रत्नागिरी, मग अकोला अशी वणवण करावी लागली, आणि शेवटी ते पुण्याला डेक्कन कॉलेजात पोचले. अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालायचा, अशी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांची आठवण सांगतात. ही गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण शाळेत ती सांगताना आपण फक्त जिद्दीवर बोट ठेवतो. मी गुरुजींना विनंती करीन, की त्या काळच्या गरीब विद्यार्थ्यांचे पोट भरण्याची एक व्यवस्थाही समाजात होती, हे मुलांना सांगायला विसरू नका. तिला माधुकरी म्हणत. मुलगा दुपारी झोळी घेऊन पाच घरी फिरे आणि शिजवलेले अन्न आणी. दुसरी रीत वारांची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे वार लावून जेवायचे. पुण्यासारख्या शहरात किती गरीब मुले या दोन रीतींवर शिकली याची गणती नाही.

पण ही सोय होती कोणासाठी? माधुकरी मागायचा रिवाज ब्राह्मण मुलांपुरता. कुणब्याच्या, माळ्याच्या, धनगराच्या मुलाने झोळी घेऊन सदाशिव पेठेत उभे राहावे, हे त्या काळी घडण्यासारखे नव्हते. महार-मांगांच्या मुलांची तर गोष्टच सोडा. त्यांना शहरात खोली कोण देणार, आणि पाणी कोण भरू देणार? म्हणजे कॉलेजची फी दोघांना सारखी, परीक्षा दोघांना सारखी, पण एकाच्या ताटाची सोय समाजाने आधीच करून ठेवलेली आणि दुसऱ्याच्या ताटात काहीच नाही. कॉलेजचे दार कायद्याने उघडे होते. तिथपर्यंतची वाट बंद होती.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, ते याच जागी बोट ठेवणारे आहे. सरकारचा खजिना शेतकऱ्याच्या घामातून भरतो, आणि त्या पैशाने शिकतात ते वरच्या वर्गाचे लोक, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सुनावले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा असा त्यांचा आग्रह होता. पुष्कळांना वाटते, फुले उच्च शिक्षणाच्या विरुद्ध होते. तसे मला वाटत नाही. ज्याचा पैसा त्याच्या मुलाला त्यातले काय मिळते, एवढाच त्यांचा रोकडा सवाल होता.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८५ साली, पुण्यात फर्ग्युसन कॉलेज निघाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या मंडळींचा त्याग थोर आहे, त्याला मी उणेपणा आणणार नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखा बुद्धिमान माणूस महिना ७५ रुपयांवर २० वर्षे शिकवण्याचे व्रत घेतो, धोंडो केशव कर्वे तिथेच गणित शिकवतात, आणि केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे सरकारी नोकरीकडे न जाता तिथे येऊन प्राचार्य होतात, ही साधी गोष्ट नव्हे. सरकारच्या किंवा मिशनच्या ताब्याबाहेर राहून आपल्या माणसांना कॉलेज चालवता येते, हे या मंडळींनी दाखवून दिले, आणि पुढे खेडोपाडी निघालेल्या संस्थांनी तोच धडा गिरवला. तरी फर्ग्युसनचे विद्यार्थीही आले ते बहुतेक त्याच घरांतून, जिथे अक्षर आधीच पोचलेले होते.

हे चित्र पालटण्याचा पहिला मोठा प्रयत्न कोल्हापुरात झाला. राजाराम कॉलेज तिथे १८८० पासून होतेच. म्हणजे इमारत होती, प्राध्यापक होते, दरबारचा पैसाही होता. तरी खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा त्यात दिसत नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी ही मेख ओळखली. त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले. मग जैनांचे, मुसलमानांचे, लिंगायतांचे, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. जागा दिल्या, इमारती दिल्या, जमिनींची उत्पन्ने तोडून दिली. २६ जुलै १९०२ चा, नोकऱ्यांत निम्म्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम आपल्याला पाठ असतो. पण त्या जागा भरायला शिकलेली माणसे हवीत, आणि शिकायला राहायची जागा हवी, हा हिशेब महाराजांनी हुकमाच्या आधीच केला होता. तारखा बघा ना! बोर्डिंग १९०१ चे, हुकूम १९०२ चा.

वसतिगृहे जातवार होती, हे खरे. आजच्या डोळ्यांना ते खटकते. पण एका पंक्तीला बसायला लोक तयार नव्हते, तेव्हा मुलांना घराबाहेर काढून शहरात आणायचे तर जातीच्या पुढाऱ्यांना हाताशी धरूनच आणावे लागणार होते. पंक्ती मोडण्याचे काम पुढच्या माणसाने केले. तो माणूस कोल्हापुरातच, अशाच एका बोर्डिंगात राहून शिकला होता.

त्यांचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. आपण त्यांना कर्मवीर म्हणतो. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथे भाऊरावांनी जे बोर्डिंग चालवले त्यात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकत्र जेवत. महात्मा गांधी १९२७ साली साताऱ्याला आले, तेव्हा त्यांच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. धनिणीच्या बागेतले ते बोर्डिंग सातारकरांना आजही ठाऊक आहे. गावोगाव फिरून भाऊराव धान्य गोळा करीत. कोणी पोते देई, कोणी मूठभर जोंधळे देई. भाऊराव दौऱ्यावर असले आणि कोठीत दाणा नसला, तर प्रश्न पडे तो लक्ष्मीबाईंना, त्यांच्या पत्नीला. त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून मोडले, आणि शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही विकले. कॉलेजांच्या इतिहासात देणगीदारांच्या नावांचे संगमरवरी फलक असतात. त्या फलकांवर लक्ष्मीबाईंचा आकडा कसा लिहायचा, ते मला तरी ठाऊक नाही. त्या १९३० साली गेल्या. संस्थेचे पहिले कॉलेज निघायला अजून सतरा वर्षे होती.

ते कॉलेज म्हणजे साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज. जून १९४७, स्वातंत्र्य दोन महिन्यांवर. ते आधी फी न घेणारे कॉलेज म्हणून सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ ही त्याची पद्धत. मुलाने शेतात, बांधकामावर, बागेत काम करायचे आणि त्या कामाच्या मोबदल्यात राहायचे, जेवायचे, शिकायचे. इथे एक बारकावा ध्यानात घ्या. माधुकरीत मुलगा दुसऱ्याच्या दयेवर जगत होता. इथे तो स्वतःच्या घामावर जगू लागला. ज्या बापाला मुलाला पैसे पाठवता येत नव्हते, त्यालाही ताठ मानेने सांगता येऊ लागले, की माझा पोरगा कॉलेजात आहे आणि आपले आपण भागवतो. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, याच कॉलेजचे प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यामुळे साताऱ्याच्या कॉलेजकडे अर्जांचा ओघ का लागला, हे निराळे सांगायला नको. खेड्यातला माणूस जाहिरातीवर विश्वास ठेवीत नाही. शेजारच्या गावचा मुलगा काय झाला, एवढे तो बघतो.

विदर्भातही हीच वाट दिसते. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुखांनी आधी श्रद्धानंद छात्रालय काढले, मग शिक्षण संस्था वाढवली, आणि शिवाजी कॉलेज १९४६ साली निघाले. आधी छात्रालय, मग महाविद्यालय. हा क्रम योगायोगाचा नाही.

आणि याच सुमारास मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकर तोच प्रश्न आणखी खालून सोडवीत होते. त्यांचे स्वतःचे कॉलेजशिक्षण कसे झाले होते? एल्फिन्स्टन कॉलेजात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या महिना २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर. १९१२ साली ते बी.ए. झाले. त्या पंचवीस रुपयांची किंमत ते विसरले नाहीत. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांच्या प्रयत्नाने १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती शिष्यवृत्ती आजही चालू आहे, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या वर्गात ती मिळवणारी मुले दर साली असतात. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. तिथे सकाळचे वर्ग भरत, म्हणजे कचेरीत कारकुनी करणाऱ्याला नोकरीवर जाण्यापूर्वी शिकता येई. वेळेची भिंत त्यांनी अशी पाडली.

मराठवाड्याची स्थिती तर फारच बिकट. निजामाच्या राज्यात पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबाद गाठायचे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू. जालन्याच्या किंवा बीडच्या मुलाने काय करावे? १९४८ साली हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज सुरू केले. इमारतीची कोनशिला १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात, आणि तिथेही वर्गांच्या जोडीला वसतिगृहे आली. नांदेडला पीपल्स कॉलेज त्याच साली, १९५० मध्ये निघाले. १९५८ साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. मिलिंदमधून निघालेल्या पिढीने पुढे मराठी साहित्याची भाषाच बदलून टाकली. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

आता पुन्हा कऱ्हाडला येऊ. आगरकरांची कथा १८७० च्या दशकातली. त्यानंतर साठेक वर्षांनी याच कऱ्हाडचा एक विद्यार्थी, देवराष्ट्र्यात जन्मलेला, वडिलांचे छत्र लहानपणी हरपलेला, मॅट्रिक झाला. शाळकरी वयात स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगही पाहून आलेला. कॉलेजसाठी त्याला कऱ्हाड सोडून कोल्हापूरला राजाराम कॉलेजात जावे लागले, आणि वकिलीसाठी पुण्याला. हे यशवंतराव चव्हाण. १९३८ साली ते बी.ए. झाले. म्हणजे साठ वर्षांत वाट अकोला-पुण्यावरून कोल्हापूरपर्यंत आखूड झाली होती, पण घराजवळ आली नव्हती. ती घराजवळ आली १९५४ साली, रयत संस्थेने कऱ्हाडलाच सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज काढले तेव्हा. टेंभूच्या मुलाला आता सायकलवरून कॉलेजला जाता येणार होते.

आणि यशवंतराव? ते १९५६ साली मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९५९ साली, ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आहे, त्यांच्या मुलांना जात न बघता फी माफ करण्याचा निर्णय झाला. खेड्यांत तिला लोक ‘ईबीसी’ म्हणू लागले. इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता, पण ‘ईबीसीत बसतो का?’ हा प्रश्न तलाठ्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला. पन्नास-साठ साली जे पालक होते त्यांना विचारा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी घातलेले हेलपाटे त्यांच्या नातवंडांनीही ऐकलेले असतात. मला विचाराल, तर महाराष्ट्रातल्या कॉलेजांपुढची गर्दी खऱ्या अर्थाने इथून सुरू झाली. कॉलेज जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावी आले, फी गेली, आणि बोर्डिंगची चूल पेटलेली होतीच. तिन्ही गोष्टी एका वेळी जुळल्या.

त्या पंधरा-वीस वर्षांत किती ठिकाणी कॉलेजे निघाली! जळगाव, अमळनेर, रत्नागिरी, अहमदनगर ही चाळिशीतली. संगमनेरला १९६१ साली, लातूरला दयानंद कॉलेज त्याच साली. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ साली आले, आणि दक्षिण महाराष्ट्राला पुण्याकडे बघण्याचे कारण उरले नाही. गोव्याचे तर विचारूच नका. पोर्तुगीज अमलात तिथे वैद्यकीय शाळा होती, पण कला-विज्ञानाचे पदवी कॉलेज नव्हते. म्हणून गोव्याची मुले बेळगाव, धारवाड, मुंबईला जात. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि १९६२ च्या जूनमध्ये पणजीला धेंपे कॉलेज व मडगावला चौगुले कॉलेज, अशी दोन कॉलेजे सुरूही झाली. सहा महिन्यांत! भूक किती होती, याचा यापेक्षा दुसरा पुरावा नको.

मुलींचा विषय मी मागे ठेवला, कारण त्यांची वाट सगळ्यात लांब होती. डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी ही मुलगी एकटी शिकली, आणि मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर झाली, ती १८८० च्या दशकात. मुलींना परगावी कोण पाठवणार? कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याच्या पाठीशी हिंगण्याच्या आश्रमाची वीस वर्षांची पुण्याई होती. म्हणजे इथेही आधी राहण्याचे ठिकाण आणि मग विद्यापीठ. तालुक्याला कॉलेज आल्याचा सर्वांत मोठा फायदा मुलींचा झाला, असे माझे मत आहे. मुलगा बोर्डिंगात राहू शकत होता. मुलीला संध्याकाळी घरी परतायचे होते, आणि एस.टी. तिला परत आणू शकत होती.

पुढची गोष्ट फार गोड नाही. १९८३ पासून विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली, विशेषतः इंजिनिअरिंगच्या. जागा वाढल्या, हे कबूल. त्याआधी कर्नाटकात पैसे मोजून जाणारी मुले इथेच थांबली. पण फी पुन्हा दारात येऊन उभी राहिली, आणि १९५९ साली जी भिंत पाडली होती तिच्या विटा कोणीतरी पुन्हा रचू लागले. आज काही मोजक्या कॉलेजांकडे अर्जांचा पूर येतो आणि कितीतरी कॉलेजांत बाके रिकामी राहतात. पूर आला म्हणजे शिकवणे चांगले, असे धरून चालू नका. अर्जांची संख्या पुष्कळदा बसथांब्याच्या जवळिकीची असते, नुसत्या नावाची असते, किंवा गेल्या वर्षी कोणाला नोकरी लागली या बातमीची असते. आणि ज्या मुलाने अर्जच केला नाही, तो कोणत्याच आकड्यात येत नाही. आम्ही प्राध्यापक नाकारलेले अर्ज मोजतो. न आलेला अर्ज मोजायचा तर गावातच बसावे लागते, आणि तिथे बसलेले असता तुम्ही, शाळांचे शिक्षक.

एक साधे उदाहरण देतो. आपल्या राज्यात पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एस.टी.चा प्रवास मोफत आहे. फार चांगली योजना. पण ती बारावीला संपते. पुढे सवलतीचा पास मिळतो, फुकट मिळत नाही. म्हणजे मुलगी कॉलेजच्या उंबऱ्याशी पोचते, नेमका त्याच दिवशी तिच्या बापाच्या खिशाला नवा खर्च लागतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींची फी सरकारने २०२४ साली पूर्ण माफ केली आहे. हे पुष्कळ गावांत अजून ठाऊक नसते. आणि फी माफ झाली तरी राहायचे कुठे, हा आगरकरांच्या वेळचा प्रश्न जागच्या जागी असतो.

त्या प्रश्नासाठी ज्या योजना आज आहेत, त्यांची नावे जरा ऐका. फीसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती. जुन्या ईबीसीचेच हे नवे नाव. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची स्वाधार योजना. आपण आत्तापर्यंत ज्यांच्या बोर्डिंगांविषयी आणि कॉलेजांविषयी बोललो, तीच ही माणसे.

या योजनांच्या अर्जांना उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा लागतो, रहिवासाचा लागतो. निकालानंतर तहसील कचेरीत जी झुंबड उडते ती तुम्ही पाहिलेली आहेच. तेव्हा गुरुजी, बारावीची परीक्षा आटोपली, की निकालाची वाट न बघता मार्च-एप्रिलमध्येच पोरांना दाखल्यांच्या मागे लावा. आणि कॉलेजच्या अर्जाबरोबर वसतिगृहाचा अर्जही त्याच दिवशी भरून घ्या. तो अर्ज बहुधा वेगळा असतो, त्याची शेवटची तारीखही वेगळी असते, आणि ती आधी येऊन जाते.